कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरला बर्फासाठी काय जोडावं? ब्लेड, ब्लोअर की नुसती बकेट?

कोयनाकाठ | १८ ऑक्टोबर

मंडळी, नमस्कार. न्यूयॉर्क राज्यात, लेक ऑन्टॅरिओच्या पूर्वेला, ऑस्वेगो काउंटीत आम्ही या उन्हाळ्यात घर घेतलं. घरासोबत आधीच्या मालकाचा कुबोटा बीएक्स २३८० आला. आजवर त्याने गवत कापलं, थोडी खडी ओढली. आता नोव्हेंबर तोंडावर आहे आणि इथल्या बर्फाबद्दल जे ऐकतोय त्याने झोप उडाली आहे.

ट्रॅक्टरची माहिती: इंजिन २३ एचपी, पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या दांड्याला) त्यातले अठराच्या आसपास मिळतात. गिअर नाहीत, हायड्रोस्टॅटिक पेडल आहे. पुढे लोडर, पण बकेट पिनांवर बसवलेली, क्विक अटॅच (झटपट अवजार बदलायचा जोड) नाही. मागे अवजार उचलायची कॅटेगरी १ थ्री-पॉइंट लिफ्ट. मागच्या बाजूला हायड्रॉलिकचे जोड नाहीत. टायर आर-४, म्हणजे औद्योगिक नक्षीचे. केबिन नाही.

ड्राइव्हवे ४२० फूट. रस्त्याकडून साडेतीनशे फूट खडी, गॅरेजपुढे डांबर. मध्ये एक वळण, वळणावरच चढ. आत येताना डाव्या हाताला चर आहे, उजव्या हाताला शेजाऱ्यांची स्प्रूसची रांग. इतकी वर्षं पिकअपला प्लाउ (बर्फ ढकलायचं पातं) लावून एक जण यायचा, त्याने धंदा बंद केला. आणखी दोघांना विचारलं, दोघांनी रस्त्याची लांबी ऐकून फोन ठेवला. बायको सिराक्युजला हॉस्पिटलात नोकरीला आहे, तिला सकाळी ६ला गाडी बाहेर काढावीच लागते. त्यामुळे ‘बर्फ थांबला की बघू’ हा पर्याय नाही.

डोक्यात असलेले पर्याय: मागे थ्री-पॉइंटला ब्लेड, पुढे लोडरवर तिरकं होणारं ब्लेड, मिड-पीटीओवर (ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या पीटीओवर) चालणारा पुढचा ब्लोअर, मागच्या पीटीओवरचा ब्लोअर. शेजारचे आजोबा म्हणतात, बकेट आहे ना, पुरे झालं. बजेट ४ हजार डॉलर, त्यात चेन वगैरे सगळं आलं. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया लिहा. डीलरकडे गेलो तर त्याने सगळ्यात महाग वस्तूवर बोट ठेवलं.

पिंट्या | १८ ऑक्टोबर

कोथरुडात बसून वाचतोय. आमच्याकडे ट्रॅक्टर फक्त गणपतीच्या मिरवणुकीत दिसतो. चहा घेऊन बसलो आहे, चालू द्या.

उत्तरेकडची | १८ ऑक्टोबर

मी मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, हॉटनला. आमची काउंटी संपली की किविनॉ काउंटी लागते. तिथे १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडला होता, म्हणजे साडेबत्तीस फूट. महामार्गालगत त्या आकड्याची भलीमोठी मोजपट्टीच उभी केली आहे. तेव्हा थोडंफार बोलायचा हक्क आहे असं समजते.

तुम्ही यंत्रांची यादी दिलीत, पण बर्फ टाकणार कुठे ते लिहिलं नाहीत. सगळं त्यावर ठरतं. ब्लेड बर्फ बाजूला सारतं, नाहीसा करत नाही. पहिल्या बर्फात कडेला फूटभर वरंबा होतो. तो रात्रीत गोठतो. पुढचा बर्फ त्याच्या आतल्या बाजूला येतो. असं करत करत बारा फुटांचा रस्ता जानेवारीच्या मध्यावर आठ फुटांचा होतो, आणि मग ब्लेड घेऊन त्या भिंतीवर आपटत बसायचं. तुमच्या एका बाजूला चर, दुसरीकडे झाडं. भिंत मागे सरकवायला जागाच नाही.

ब्लोअर बर्फ उचलून वीस-तीस फुटांवर टाकतो, कडा वाढत नाहीत. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्याकडे ब्लोअर आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे युपर स्कूप, म्हणजे हाताने ढकलायचं पत्र्याचं मोठं सुपडं. ते माझ्याकडेही आहे आणि दारापुढच्या पायऱ्यांसाठी त्याला तोड नाही.

ऑस्वेगो म्हणजे टग हिल पठाराचा, भरमसाट बर्फाचा पट्टा ना? २००७च्या फेब्रुवारीत तुमच्याच काउंटीतल्या रेडफील्डला दहा दिवसांत १४१ इंच पडला होता. ब्लेडवर विसंबू नका.

सोनकी | १९ ऑक्टोबर

उत्तरेकडची ताई, सगळेच हॉटनला राहत नाहीत. :)

मिनेसोटा, मिनियापोलिसच्या पश्चिमेला. आमच्याकडे वर्षाला पन्नास-पंचावन्न इंच, तोही कोरडा, भुकटीसारखा. माझा रस्ता ३०० फूट, पुढे ब्लेड. पेडल दाबायचं, एका दमात खाली जायचं, वळून वर यायचं, दहा-बारा मिनिटांत विषय संपला. ब्लोअरवाला शेजारी तेवढ्या वेळात अर्ध्यावर असतो आणि वाऱ्याची दिशा चुकली तर स्वतःच उडवलेला बर्फ तोंडावर घेत असतो. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर ही गंमत नाही. शून्य फॅरनहाइटला चष्म्यावर थर बसतो, काही दिसत नाही.

ब्लोअरमध्ये तुटण्यासारखं फार काही आहे: शाफ्ट, गिअरबॉक्स, साखळी, शिअर बोल्ट (जास्त जोर आला की मुद्दाम आधी तुटणारा), चूट (बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं) फिरवायची यंत्रणा. ब्लेड म्हणजे लोखंडाची पट्टी आणि दोन स्प्रिंगा.

उत्तरेकडची | १९ ऑक्टोबर

पन्नास इंच आमच्याकडे कधीकधी ख्रिसमसच्या आत पडलेला असतो. तुमच्या जागी मीही ब्लेडच घेतलं असतं, सोनकी. पण प्रश्न त्यांच्या जागेचा आहे.

कोयनाकाठ | १९ ऑक्टोबर

जागेबद्दल विचारलंत म्हणून: गॅरेजच्या उजवीकडे मोकळी जागा आहे खरी, पण तिच्याखाली सेप्टिकची टाकी आणि निचऱ्याच्या नळ्या आहेत. चरापलीकडे शेजाऱ्याचं मक्याचं शेत. त्याला विचारलं, तो म्हणाला हिवाळ्यात काय वाटेल ते टाक, फक्त खडी नको.

आणि हो, घराच्या तपासणीत खाली रस्त्याकडे टोकाला डाव्या बाजूची पत्रपेटी तिसऱ्यांदा बदललेली दिसली. का, ते आता कळतंय.

खडीवाला | १९ ऑक्टोबर

सेप्टिकवर ढीग करू नका आणि त्यावरून ट्रॅक्टरही नेऊ नका. भुसभुशीत बर्फ जमिनीवर पांघरूण घालतो, दाबलेला बर्फ थंडी खाली सोडतो. नळ्या गोठल्या तर फेब्रुवारीत कोणी दुरुस्त करायला येत नाही. शिवाय मार्चमध्ये तो ढीग वितळून सगळं पाणी तिथेच मुरणार.

रस्ता ओलांडून समोर बर्फ ढकलायची कल्पना डोक्यात आली तर ती काढून टाका. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकायला मनाई आहे. मिशिगनमध्ये आहे, ऑन्टॅरिओतही आहे. लोक करतात, आणि एखाद्या रात्री कुणाची तरी गाडी त्या गोठलेल्या वरंब्यावर चढते.

आता खडीबद्दल. माझा पूर्ण रस्ता खडीचा आहे, व्हरमाँटमध्ये. पहिले एक-दोन बर्फ साफ करूच नका, त्यावरून गाडी फिरवून दाबा. जमीन गोठली की खडी धरून राहते आणि दाबलेल्या थरावर पुढचं काम करता येतं. ब्लेड लावलंत तर त्याच्या धारेवर लोखंडी पाइप चढवा. दीड-दोन इंची पाइप घ्यायचा, उभा चिरायचा, धारेवर ठोकून बसवायचा. पाइप खडीवरून घरंगळतो, धार खडी खरवडते. बकेटलाही हेच चालतं. ब्लोअर लावलात तर दोन्ही बाजूंचे स्किड शू (जमिनीवर टेकणारे पाय) इंच-दीड इंच खाली घेऊन कवच वर ठेवा. खडीचा एक दगड इम्पेलरमधून (बर्फ फेकणाऱ्या पंख्यातून) सुटला की गाडीच्या काचेपर्यंत सहज जातो. चूट घराकडे कधीही वळवायची नाही.

घाटावरचा | २० ऑक्टोबर

ओटावाच्या बाहेर असतो. एक पर्याय कोणी लिहिला नाही: ओढायचा ब्लोअर, म्हणजे उलटा. तोही मागेच बसतो, पण त्याचं तोंड ट्रॅक्टरकडे असतं. त्यामुळे तुम्ही पुढे बघत पुढे जाता आणि तो मागून बर्फ उचलत येतो. ओटावा, माँट्रियलकडे घरोघरचे ड्राइव्हवे साफ करणारे ठेकेदार हेच वापरतात. गॅरेजच्या दाराला मागची बाजू लावायची, ब्लोअर खाली टेकवायचा, पुढे निघायचं, एका फेरीत ड्राइव्हवे मोकळा. ऑक्टोबरअखेरीस प्रत्येक अंगणात रस्त्याची कडा दाखवणाऱ्या, त्यांच्या रंगाच्या काठ्या रोवलेल्या दिसतात.

मान मोडत नाही हा मोठा फायदा. पण बीएक्ससाठी मी तो सांगणार नाही. उलट्या ब्लोअरमध्ये ट्रॅक्टर आधी बर्फावरून जातो, मग बर्फ उचलला जातो. त्या ठेकेदारांचे ट्रॅक्टर उंच आणि जड असतात. तुमच्या ट्रॅक्टरचं पोट जमिनीपासून थोडंच वर आहे. सोळा-अठरा इंच पडला की पोट बर्फावर टेकणार आणि चारही चाकं फिरत राहणार. काउंटीचा प्लाउ तोंडाशी जो ढीग टाकून जातो, त्यात तर शिरताच येणार नाही. शिवाय अठरा एचपीला पेलेल असा उलटा ब्लोअर मिळणंही कठीण.

साधा मागचा ब्लोअर रिव्हर्समध्ये चालतो, त्यामुळे बर्फ आधी तो खातो, मग चाकं मोकळ्या जमिनीवर येतात. ४२० फूट मागे बघत जायचं. जाड कोट घालून मान वळवणं हा व्यायाम आहे, खोटं कशाला बोलू. फेंडरवर दोन मोठे आरसे लावले की निम्मा त्रास कमी होतो.

द्राक्षबाग | २० ऑक्टोबर

रामराम मंडळी. दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार. बर्फ पाहिला तो गारपिटीचाच, पण छोट्या ट्रॅक्टरवर आयुष्य गेलं म्हणून बोलतो. बागेत २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, त्यावर माती फोडणारा रोटर आणि फवारणीचं यंत्र, दोन्ही पीटीओवर.

एचपीचं गणित सगळीकडे सारखंच दिसतंय. अवजार रुंद घेतलं की ट्रॅक्टर दमतो, मग माणूस वेग कमी करतो, मग पीटीओचे फेरे पडतात आणि अवजार काम सोडतं. रोटर मागच्या चाकांचा माग झाकेल एवढाच घ्यायचा, त्याच्यापुढे हाव नको. तुमच्या त्या ब्लोअरचं किती रुंदीचं मॉडेल बघताय?

आणि शिअर बोल्ट तुटतोय म्हणून त्या जागी कडक पोलादी बोल्ट टाकू नका. आमच्याकडे रोटरला लोक टाकतात. बोल्ट मग तुटत नाही, गिअरबॉक्स फुटतो.

घाटावरचा | २० ऑक्टोबर

अगदी बरोबर बोललात. इथे ढोबळ हिशोब पीटीओचे पाच एचपी प्रत्येक फुटाला असा धरतात. ओला बर्फ असेल तर तोही कमी पडतो. म्हणजे कोयनाकाठ यांचे अठरा एचपी काटेकोर हिशोबाने ४३ इंचांना पुरतात; वेग कमी ठेवायची तयारी असेल तर ४८ ते ५० इंच. त्यांच्या ट्रॅक्टरची रुंदीही साधारण तेवढीच आहे, तेव्हा चाकांचा माग झाकला जाईल. ६० इंची स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

ग्रेफकर काका | २० ऑक्टोबर

चि. कोयनाकाठ यांस आशीर्वाद. मी सीमा सडक संघटनेत, ग्रेफमध्ये, यांत्रिकी विभागात होतो. दिघीच्या केंद्रात प्रशिक्षण झालं आणि पुढची पुष्कळ वर्षं यंत्रांबरोबर डोंगरात गेली. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर. वसंतात रस्ता उघडायचा तर सोनमर्गच्या बाजूने बीकन प्रकल्पाची माणसं येतात, द्रासच्या बाजूने विजयकची, आणि मध्ये गाठ पडते.

तिथला क्रम सांगतो, तुमच्या कामी येईल. ताजा, मोकळा बर्फ असेल तर स्नो कटर थेट घालायचा. हिमस्खलनाने आलेला बर्फ दाबून दगडासारखा झालेला असतो आणि त्यात धोंडे, झाडांचे बुंधे असतात. त्यात कटर घातला की पाती गेली. तिथे आधी डोझर लावून बर्फ फोडायचा, धोंडे बाजूला करायचे, मग कटरने दरीकडे फेकायचा. तुमच्या तोंडाशी काउंटीचा प्लाउ जो ढीग करून जातो तो याच जातीचा. त्यात गोठलेली ढेकळं असतील, रस्त्याची खडी असेल, कुणाच्या गाडीचं चाकावरचं झाकणही असेल. तो बकेटने फोडा, ब्लोअर त्यात घालू नका.

दुसरं, वारा. कटरचा चालक सकाळी पहिल्यांदा वारा बघतो. फेक नेहमी वाऱ्याच्या पाठीवर. तुमचं मक्याचं शेत वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे ते आताच बघून ठेवा.

अटल बोगदा २०२०मध्ये सुरू झाला आणि लाहौलची माणसं सुटली. त्याआधी रोहतांग उघडताना आम्ही जे पाहिलं ते लिहायला बसलो तर रात्र सरेल.

पिंट्या | २० ऑक्टोबर

काका, रात्र सरू द्या. वेगळा धागा काढाच.

सोनकी | २० ऑक्टोबर

+१ काका.

खडीवाला | २० ऑक्टोबर

+१. आणि ‘तोंडाशी बकेट’ याला माझंही अनुमोदन. म्हणूनच पुढच्या ब्लोअरच्या मी विरोधात आहे. तो सबफ्रेमवर (ट्रॅक्टरखाली बसवायच्या जास्तीच्या सांगाड्यावर) बसतो, त्यासाठी लोडर उतरवावा लागतो. दिसायला सुरेख, मान वळवायला नको, काम झकास. पण हिवाळाभर बकेट गॅरेजच्या कोपऱ्यात. कडा मागे सारायच्या झाल्या, छपरावरून घसरलेला ढीग उचलायचा झाला, तर हाताशी काही नाही. किंमत तर सबफ्रेम आणि शाफ्टसकट बजेटच्या बरीच वर जाते.

बॉस्टनकर | २१ ऑक्टोबर

लोडरवरच्या ब्लेडबद्दल एक सावधगिरी. लोडरच्या भुजा उचलण्यासाठी केलेल्या असतात, बाजूचा मार खाण्यासाठी नाही. ब्लेड तिरकं असताना त्याचा कोपरा गोठलेल्या कडेला लागला की सगळा झटका एका भुजेवर येतो. ट्रिप स्प्रिंग (पातं अडलं की त्याला झुकू देणारी) समोरच्या अडथळ्याला मदत करते, बाजूच्या माराला नाही. ज्यांना पुढे ब्लेड हवं आहे त्यांनी चेसिसवर बसणारं घ्यावं किंवा पायावर ताबा ठेवावा. कोयनाकाठ यांच्या बाबतीत तर बकेट पिनांवर, म्हणजे आधी क्विक अटॅचचा खर्च, मग ब्लेड बसून तिरकं करायला हायड्रॉलिकची जास्तीची लाइन. ४ हजार तिथेच संपले.

आता ओल्या बर्फाविषयी, कारण आमच्याकडे तोच येतो. तापमान ३२-३३ फॅरनहाइटला असलं की बर्फ चिखल होतो. चूट बत्तीस वेळा तुंबते. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ठेवायचं, पेडल जेमतेम दाबायचं. बरेच जण उलट करतात: चूट तुंबली की थ्रॉटल कमी. इम्पेलरचा वेग कमी झाला की बर्फ चूटच्या मानेपर्यंत येतो, पुढे फेकला जात नाही, आणि तिथेच घट्ट बसतो. हंगामाआधी चूटच्या आतला गंज घासून गुळगुळीत रंग द्या, वर सिलिकॉन फवारा. कामाला सुरुवात करण्याआधी ब्लोअर थंड होऊ द्या. गरम गॅरेजमधून काढलेल्या पत्र्यावर पहिला बर्फ वितळतो आणि नंतर तिथेच गोठतो.

सायली_ओटी | २१ ऑक्टोबर

इतका वेळ नुसती वाचत होते. हाताच्या पुनर्वसनाच्या क्लिनिकमध्ये काम करते, ओहायोत. चूट तुंबते हे वर लिहिलंयच, म्हणून पुढचं लिहिते.

हात घालायचा नाही. यंत्र बंद असलं तरी नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक जण सांगतात, ‘मी बंद केलं होतं.’ बर्फ अडकल्याने पंखा ताणलेल्या अवस्थेत थांबलेला असतो. अडथळा निघाला की तो पाव फेरा फिरतो, आणि तेवढ्यात बोटं जातात. हातमोजा वाचवत नाही, उलट ओढला जातो. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मग लाकडी दांडा. दांडा ब्लोअरलाच बांधून ठेवा, म्हणजे शोधायला जायचा कंटाळा येणार नाही.

आणि मफलर नको. गळ्याशी सैल काही नको. गावाकडे मळणी यंत्रात पदर आणि धोतर जायचं ते सगळ्यांनी ऐकलंय. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचं प्लास्टिकचं कवच फुटलेलं असेल तर आधी ते बदला.

द्राक्षबाग | २१ ऑक्टोबर

ताई, हे मोठ्या अक्षरात वर लावायला पाहिजे.

निवांत | २१ ऑक्टोबर

एवढा खटाटोप कशाला? डोंगरात कशाला घर घ्यायचं? अपार्टमेंटमध्ये राहा, बर्फ मॅनेजमेंट उचलतं.

उत्तरेकडची | २१ ऑक्टोबर

घर घेऊन झालंय हो. पुढच्या वेळी घर बघायला जाताना तुम्हाला सोबत नेऊ म्हणतात ते.

सोनकी | २२ ऑक्टोबर

बरं, चरापलीकडे शेत आहे आणि बर्फ खरंच दीडशे इंचांच्या घरात जाणार असेल तर मी ब्लेडचा हट्ट सोडते. पण एक मधला मार्ग: मागचं ब्लेड जुनं, स्वस्तात मिळतं. तीन-चार इंच पडला की ब्लोअर कशाला? खडीवर तेवढ्या पातळ थरात ब्लोअर दगडच जास्त खातो. फक्त ब्लेड हलकं घेऊ नका. हलकं पातं दाबलेल्या बर्फावरून घसरत जातं, खाली उतरतच नाही. आणि तिरकं लावल्यावर उतारावर ट्रॅक्टरची शेपूट बाजूला जाते, तुमच्या वळणावर जपून.

मुद्दा दुसरा आहे: टायर. आर-४ बर्फावर बरे, गोठलेल्या चढावर बेभरवशाचे. चेन लागणारच. शिडीसारख्या आडव्या साखळ्यांची चेन स्वस्त असते, पण आडव्या साखळ्यांमध्ये अंतर जास्त, आणि ती उतारावर बाजूला घसरते. चौकटीच्या जाळीची घ्या. चेन आणि फेंडर यांत किती जागा उरते ते आधी मोजा. पुढे बकेट असल्याने मागे वजन हवंच. ब्लोअर लावलात तर तेच वजन, नाहीतर टायरमध्ये द्रव भरा. पाणी नको, गोठेल. इथे बीटाचा रस भरून देतात, जड असतो आणि गोठत नाही.

डिझेलही आत्ताच बघा. उन्हाळ्यातलं डिझेल टाकीत असेल तर ते संपवा. कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं, फिल्टर बंद होतो, आणि हे नेमकं पहाटे साडेचारला होतं. हिवाळी डिझेल भरा, ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) बसवा, रात्री प्लगला लावा.

द्राक्षबाग | २२ ऑक्टोबर

बीटाचा रस टायरात! आमच्याकडे टायरात पाणी भरतात, ते कधी गोठत नाही. मेणाचं डिझेल हेही नवीनच. वाचनखूण साठवली, उपयोग कधीच होणार नाही तरी.

कोयनाकाठ | २६ ऑक्टोबर

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या चर्चेनंतर गोष्टी पटापट ठरल्या.

मागचा, रिव्हर्समध्ये चालणारा, दोन टप्प्यांचा ५० इंची ब्लोअर घेतला. वापरलेला, इथून तासाभरावरच्या एका शेतकऱ्याकडून. तो मोठा ट्रॅक्टर घेतोय म्हणून विकत होता. मागे हायड्रॉलिक नसल्याने त्याच्यासारखीच चूट फिरवायला विजेची मोटर ठेवली, बॅटरीवरून तार ओढायची आहे. वजन मागच्या लिफ्टच्या मर्यादेत आहे, बघून घेतलं. लोडर आणि बकेट जागेवर. बकेटच्या धारेला पाइप उद्या बसवतोय. चौकटीच्या चेन मागवल्या. एवढं होऊनही पैसे उरले, त्यात आरसे आणि ब्लॉक हीटर. जुनं ब्लेड शेजारच्या आजोबांकडेच गोठ्यात पडून आहे, ते म्हणाले हवं तेव्हा ने.

काकांनी सांगितल्याप्रमाणे वारा बघितला. इथे तो बहुतेक पश्चिमेकडून, तळ्यावरून येतो. मक्याचं शेत पूर्वेला आहे. म्हणजे फेक वाऱ्याबरोबर. काठ्या रोवून झाल्या, जमीन अजून मऊ आहे.

एकच अडचण: शाफ्ट. त्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला बसत होता, माझ्या ट्रॅक्टरला तीन-चार इंच लांब पडतोय. कापायचा हे कळतंय, पण किती?

खडीवाला | २६ ऑक्टोबर

चांगला सौदा. गिअरबॉक्सचं तेल काढून बघितलंत का? दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सील बदला.

द्राक्षबाग | २७ ऑक्टोबर

भाऊ, शाफ्ट म्हणजे माझा विषय. घाईत कापू नका.

ब्लोअर थ्री-पॉइंटला जोडा, शाफ्ट मात्र जोडू नका. इंजिन बंद ठेवायचं नाही कारण लिफ्ट लागेल, पण पीटीओ बंदच. लिफ्ट हळूहळू वर घ्या आणि ट्रॅक्टरचं पीटीओ टोक आणि ब्लोअरचं टोक यांतलं अंतर कुठे सगळ्यात कमी होतं ते बघा. बहुतेक वेळा दोन्ही एका रेषेत आली की ते सगळ्यात कमी असतं. तिथे लिफ्ट थांबवा, ब्लोअरखाली लाकडाचे ठोकळे द्या, मग इंजिन बंद करा. ठोकळ्याशिवाय खाली वाकायचं नाही.

आता शाफ्टचे दोन भाग वेगळे करा. एक ट्रॅक्टरला लावा, दुसरा ब्लोअरला, आणि दोन्ही एकमेकांशेजारी धरा. प्रत्येक भाग समोरच्याच्या कवचाला जिथे भिडतो, त्याच्या इंच-दीड इंच अलीकडे खूण करा. जेवढं आतलं कापाल तेवढंच बाहेरचं, आणि प्लास्टिकचं कवचही तेवढंच. नंतर ब्लोअर पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून बघा. अंतर जास्तीत जास्त असतानाही दोन्ही भाग निदान एक-तृतीयांश लांबी एकमेकांत राहिले पाहिजेत. कमी राहत असतील तर कापू नका, दुसरा शाफ्ट आणा.

कापल्यावर कानशीने कडा घासा, आतला किस पुसून काढा, ग्रीस लावा, मग जोडा. किस राहिला तर थंडीत शाफ्ट आत-बाहेर सरकणार नाही आणि लिफ्ट उचलताना पीटीओच्या बेअरिंगवर जोर येईल.

कोयनाकाठ | २७ ऑक्टोबर

कमाल. शनिवारी करतो. तुमच्या गणितात एक शंका: माझी लिफ्ट पूर्ण वर घेतली की शाफ्टचा कोन बराच होतो आणि पीटीओ चालू असेल तर खडखडाट होईल असं वाटतंय.

द्राक्षबाग | २७ ऑक्टोबर

होणारच. चालू शाफ्टवर पूर्ण वर उचलायचंच नाही. वळताना चार-सहा इंच उचला, तेवढं पुरतं. लिफ्टच्या दांडीला वरचा अटकाव असतो, त्याचा स्क्रू त्या उंचीवर आवळून टाका म्हणजे पहाटे झोपेत हात पुढे गेला तरी भीती नाही.

पिंट्या | २७ ऑक्टोबर

पहिला बर्फ पडला की व्हिडिओ टाका. आणि ग्रेफकर काका, तुमचा धागा कुठे आहे?